दृश्य-गायन विभागाची स्थापना आणि भरभराट

एखाद्या समाजाचं मुलांवर किती प्रेम आहे, हे तो समाज मुलांना किती वेळ गप्प बसवू शकतो यावरून ठरतं. शाळा, वाचनालय, दवाखान्याची बाहेरची खोली, पाहुणे आलेले असतानाचं स्वतःचं घर ही सगळी या प्रेमाची मान्यताप्राप्त केंद्रं आहेत. पण मुलांना गप्पही बसवायचं आणि त्यांच्या गोड गळ्याचं कौतुकही करायचं, हे दुहेरी उद्दिष्ट आजवर एकाच संस्थेला साधलेलं आहे. ती संस्था म्हणजे चढावरच्या चर्चमधला बाल गायकवृंद.

हा वृंद पूर्वी गात असे. (पूर्वी म्हणजे मागासलेल्या काळात. साधारण मागच्या वर्षापर्यंत.) दर शनिवारी दुपारी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये, एकावर एक रचलेल्या खुर्च्या आणि चहाचं मोठं पातेलं यांच्या मधल्या जागेत तालीम व्हायची. तिला तालीम म्हणायचं, कारण दुसरं काही म्हटलं तर पालक पाठवणार नाहीत. कुणी पुढे धावायचं, कुणी मागे राहायचं, आणि एकदोन जण मागच्या रविवारचंच गाणं इमानेइतबारे पूर्ण करत असायचे. रविवारी उपासनेत हे सगळं पुन्हा व्हायचं, फक्त पांढऱ्या झग्यांत. बाकांवरची मंडळी म्हणायची, "लेकरंच ती!" आणि माफ करून टाकायची. माफ करणं हे त्या इमारतीचं मुख्य कामच असल्यामुळे त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

मग नवे क्वायरमास्तर आले.

मास्तर आठवडाभर पाणीपुरवठ्याच्या कचेरीत गळत्या शोधण्याचं काम करत. रस्त्यावर ओणवं व्हायचं, लोखंडी कांडी जमिनीला लावायची, दुसरं टोक कानाला, आणि गळती कुठे आहे ते ओळखून तेवढा नळ बंद करायचा. या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांनी बंद केलेल्या नळांतून आजतागायत एक थेंबही गळलेला नाही. (पाणीही आलेलं नाही, पण तो वेगळ्या खात्याचा विषय.)

हीच शास्त्रीय पद्धत त्यांनी तालमीला लावली. मुलं गात असताना ते रांगेतून हळूहळू फिरत, प्रत्येकाच्या तोंडाजवळ कान नेत. सूर जिथून गळतोय ते पोर सापडलं, की त्याच्या खांद्यावर बोट ठेवत आणि प्रेमाने म्हणत, "बाळा, तू आता फक्त ओठ हलवायचे." पहिल्याच शनिवारी तीन गळत्या बंद झाल्या आणि गाणं खरोखरच सुधारलं. पुढच्या शनिवारी आणखी चार. गाणं आणखी सुधारलं. यावरून मास्तरांनी जो सिद्धांत काढला तो आज सर्वमान्य आहे: आजवरचा प्रत्येक बेसूर आवाज कुठल्या ना कुठल्या गाणाऱ्याच्याच तोंडून निघालेला आहे. न गाणाऱ्यांत बेसुरांचं प्रमाण शून्य टक्के.

ओठ हलवणाऱ्यांना वाईट वाटू नये म्हणून त्यांना 'दृश्य-गायन विभाग' असं भारदस्त नाव देण्यात आलं. राहिलेला तो 'ध्वनी विभाग'. दृश्य विभाग दिसायला हवा, म्हणून त्याला पुढची रांग मिळाली. पुढची रांग म्हणजे कडक इस्त्रीचे नवे झगे आले. ध्वनी विभाग ऐकू आला तरी पुरे, म्हणून तो जुन्या झग्यांसह मागे सरकत सरकत डावीकडच्या जाड खांबाच्या आड गेला.

दृश्य-गायन दिसतं तेवढं सोपं नाही. त्यात तीन तोंडं असतात: आ, ई आणि ऊ. आ करताना दोन बोटं उभी मावली पाहिजेत. ई करताना हसल्यासारखं दिसावं, पण हसू येता कामा नये. सगळ्यात अवघड भुवया. जांभई आणि भक्ती यांत तोंडाचा काहीच फरक नसतो, जो काही असतो तो भुवयांत असतो, हे मास्तरांनी आरसा देऊन प्रत्येकाला पटवलं. दोन महिन्यांत पुढची रांग अशी तयार झाली, की पाळकसाहेबांनी प्रवचनात तिचा दाखला दिला, आणि चौथ्या बाकावर बसणाऱ्या दंतवैद्यबाईंना बसल्या जागेवरून पाच किडक्या दाढा सापडल्या. (पाचही पालकांनी पुढच्याच आठवड्यात वेळ घेतली. याला म्हणतात संगीताचा समाजाला थेट उपयोग.)

आता यात भोंगा कुठे बसते ते सांगायला हवं. भोंगा म्हणजे बेकरीवाल्याची मुलगी. वय अकरा, अंगाने काडी, आवाज मात्र गिरणीचा. म्हणून नाव भोंगा. ते कुणी ठेवलं हे विचारलं तर घरात सगळेच एकमेकांकडे बोट दाखवतात. तिचा आवाज असा होण्याला कारण होतं. शाळा सुटली की ती बेकरीच्या मागच्या खोलीत पिठाच्या पोत्यावर बसून गायची आणि शेजारी पावाची कणीक मळणारा मोठा मिक्सर घरघरत असायचा. बाबा मिक्सरच्या पलीकडे. बाबांपर्यंत गाणं पोचवायचं तर मिक्सरच्या वरून न्यावं लागे. ते पोचायचं. बाबा हात हलवून दाद द्यायचे आणि पीठ उडायचं.

अशा आवाजाच्या मुलीजवळ मास्तरांनी कान नेला तेव्हा काय झालं, ते हॉलमधल्या सगळ्यांनी पाहिलं. मास्तर एकदम दोन पावलं मागे गेले आणि खुर्च्यांची चळत कोसळली. कान चोळत ते म्हणाले, "बाळा, तुझा आवाज... आपण राखून ठेवू."

"कशासाठी?" भोंग्याने विचारलं.

"मोठ्या प्रसंगासाठी."

"म्हणजे कधी?"

"प्रसंग आला की कळेलच," मास्तर म्हणाले. (मोठी माणसं जे देणार नसतात, ते याच कपाटात ठेवतात.)

तेव्हापासून भोंगा पुढच्या रांगेत, बरोब्बर मधोमध. आईला अगदी धन्य धन्य झालं. झग्याला तिने दोनदा इस्त्री केली आणि फोटो सगळ्या नातेवाइकांना धाडला. बाबांना मात्र रविवारी चर्चला येताच यायचं नाही. रविवारी सकाळी सगळं गाव पाव खातं, आणि पाव काही प्रार्थनेने भाजला जात नाही. ते रोज संध्याकाळी मिक्सरवरून ओरडून विचारायचे, "काय गं, गातेस ना?"

"गाते तर!" भोंगा ओरडायची. खोटं नव्हतं ते. गायन विभागातच होती ना ती!

इकडे वृंदात एक नवीच अडचण उभी राहिली. पुढच्या रांगेचे झगे, फोटो, पाहुण्यांनी गालाला हात लावणं हे सगळं बघून मागच्या रांगेचे पालक अस्वस्थ झाले. त्यांची मुलं सुरात होती, यात त्या बिचाऱ्यांचा काय दोष? शिष्टमंडळं येऊ लागली. सगळ्यांत पुढे दंतवैद्यबाई. त्यांचा मुलगा ससा (वरचे दोन दात पुढे. आई दंतवैद्य असूनही. गावात यावर कुणी बोलत नाही) ध्वनी विभागात सडत होता.

"मास्तर, माझ्या मुलाने असं काय पाप केलंय, की त्याला अजून गावं लागतं?"

"अहो बाई, तो सुरात आहे."

"मग? हुशार मुलाला वर नको का चढवायला? त्या बेकरीवाल्याच्या मुलीला पहिल्या रांगेत मधोमध, आणि आमचा खांबामागे! माझ्या सासूबाई विचारतात, तो क्वायरमध्ये आहे की खांबाला टेकू लावतोय?"

मास्तरांनी एकेकाला बढती दिली. दर बढतीनंतर ध्वनी विभाग आणखी शुद्ध होत गेला, त्यामुळे त्यांनाही त्यात तोटा दिसेना. शेवटी मागे एकटा ससा उरला. एकच नळ, धार बारीक पण स्वच्छ. यालाही बढती दिली तर काय होईल हा विचार मास्तरांना शिवला असावा, कारण दंतवैद्यबाईंच्या विनंतीवर ते पहिल्यांदाच ठाम राहिले. "चर्चचा वर्धापनदिन होऊ द्या. बिशपसाहेब येतायत. मग बघू."

वर्धापनदिनाच्या आदल्या दिवशी बाबा पिठाचे हात पुसत म्हणाले, "भोंग्या, उद्या भट्टी बंद. धुराडं साफ करायला माणसं येणार आहेत. मी येतोय तुझं गाणं ऐकायला."

भोंगा पोत्यावरून उठून उभी राहिली. एवढ्या वर्षांत धुराड्याला कधी काजळी धरली नाही, आणि धरली ती नेमकी आत्ता!

"बाबा, तू झोप ना उद्या. एवढी तर रोज जागरणं करतोस."

"झोपायला काय, मेल्यावर आहेच. शर्ट काढून ठेवलाय."

ती धावत मास्तरांच्या घरी गेली. मास्तर बूट पुसत होते.

"मास्तर, उद्या मोठा प्रसंग आहे ना? मग माझा राखून ठेवलेला आवाज?"

"अगं, एवढा मोठा नाही हा प्रसंग," मास्तर म्हणाले.

"एकच कडवं. हळू गाईन."

"तुझं हळू मला ठाऊक आहे. त्या खुर्च्या अजून मोजतोय मी. उद्या तू मधोमध आहेस. बिशपसाहेबांची नजर तुझ्यावरच पडणार. भुवया सांभाळ म्हणजे झालं."

रविवारी चर्च गच्च भरलं. पितळी दिवे घासलेले, बाकांना लाकडाच्या तेलाचा वास, आणि मंडळी एरवी ज्या खोकल्यांना घरी ठेवून येतात ते सगळे खोकले हजर. बाबा उशिरा आले आणि दाराशी उभे राहिले. निळा शर्ट, ओले विंचरलेले केस, कानाच्या पाळीमागे तेवढं पीठ राहिलेलं.

आणि आता ती घटना, जिची नोंद वृंदाच्या इतिहासात कुठेही नाही. दंतवैद्यबाईंना बढती मिळत नव्हती ना? त्यांनी ती घरच्या घरी देऊन टाकली. चर्चच्या पायऱ्यांवर सशाची कॉलर नीट करता करता त्या म्हणाल्या, "हे बघ, आज तूसुद्धा नुसते ओठ हलव. खांबामागे बाकीचे असतीलच ना गायला! आपल्यालाच काय पडलंय?" ससा आज्ञाधारक मुलगा.

ऑर्गन सुरू झाला. ऑर्गनवाल्या आजी वाजवायला बसल्या की आधी कानातलं यंत्र काढून पर्समध्ये ठेवतात (त्यांच्या मते त्यामुळे लक्ष लागतं), तेव्हा त्यांच्याकडून काही कळण्याची आशा नव्हती. सुरावट वाजली, मास्तरांचा हात खाली आला, आणि चढावरच्या चर्चचा संपूर्ण बाल गायकवृंद एका तालात, निर्दोष भुवयांनी, गायलाच नाही.

मास्तरांचा हात क्षणभर हवेत अडकला. पण मास्तर अनुभवी. हात थांबवला तर लोकांना कळेल, म्हणून त्यांनी तो जास्तच जोरात हलवायला सुरुवात केली. बाकांवर कुणीही चुळबुळ केली नाही. ज्याला काही ऐकू येत नव्हतं, त्याने शेजाऱ्याकडे पाहिलं. शेजारी मान डोलवत होता, मग यानेही डोलवली. बिशपसाहेबांनी डोळे मिटले. तिसऱ्या बाकावरचे निवृत्त हेडमास्तर बायकोच्या कानात म्हणाले, "किती हळुवार! हल्ली असं ऐकायला मिळत नाही." हे त्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं.

भोंग्याला मात्र पहिल्याच ओळीत कळलं. तिने आ केला, ई केला, ऊ केला, आणि समोर बघितलं. दाराशी बाबा टाचा उंचावून उभे होते. मग त्यांनी एक हात कानामागे नेला. मग दुसरा. दोन्ही कानांमागे पंजे धरून, मान पुढे काढून, ते आपल्या मुलीचा आवाज शोधत होते. जवळ उभ्या असलेल्या कुणालातरी त्यांनी विचारलंसुद्धा, सुरू झालं का म्हणून. त्याने तोंडावर बोट ठेवलं.

पहिलं कडवं असं संपलं. दुसऱ्या कडव्याच्या आधी ऑर्गनचा छोटा तुकडा असतो. तेवढ्यात भोंग्याने भुवया सोडल्या, पोटात हवा भरली, आणि मिक्सर जणू शेजारीच आहे अशा बेताने सुरुवात केली.

तो आवाज कमानींना लागून परत आला. दिव्यांच्या काचा किणकिणल्या. पाळकसाहेब बसल्या जागी ताठ झाले. ऑर्गनवाल्या आजींनी इतक्या वर्षांत प्रथमच मान वर करून पाहिलं. आणि गंमत अशी, की तो आवाज सुरात होता. मिक्सरवरून गाणं न्यायचं असेल तर सूर सोडून चालत नाही. जरा सुटला की घरघर त्याला गिळून टाकते. भोंग्याने दुसरं कडवं गायलं, तिसरं गायलं, चौथ्याला तर डोळेच मिटले. आजूबाजूला सगळी तोंडं आ, ई, ऊ करतच होती. काही मुलांनी तर इतकं छान केलं, की ती गात नाहीत हे त्यांच्याही लक्षात राहिलं नाही.

उपासना संपली आणि अंगणात चहा सुरू झाला. त्या चहावर गोळा झालेली माहिती पुढीलप्रमाणे: वृंदातल्या प्रत्येक मुलाच्या आईने आपल्या मुलाचा आवाज लगेच ओळखला होता. शंभर टक्के. एका मुलाची आई त्या दिवशी तापाने घरी होती. तिनेही फोनवरून ओळखला.

दंतवैद्यबाई तर डोळे पुसत होत्या. "मी बजावून सांगितलं होतं, गाऊ नकोस म्हणून. पण रक्तातच आहे, काय करणार? आमच्याकडे माझे वडील असेच!" शेजारी ससा बिस्कीट खात होता. त्याने दोनदा काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण आईने दोन्ही वेळा त्यातले दात पाहिले आणि बंद करायला लावलं.

मास्तरांनाही शंका नव्हती. मागे एकच मुलगा गाणारा होता, आवाजही एकच आला, तेव्हा हिशेब बरोबर जुळत होता. "पहिल्या कडव्याला घाबरला असेल," ते बिशपसाहेबांना म्हणाले, "पण बघा, एकदा गळत्या बंद केल्या की दाब कसा वाढतो!"

भोंगा समोर जाऊन उभी राहिली. "मास्तर, मी गात होते."

मास्तरांचा चेहरा गंभीर झाला. "तुझ्याविषयीच बोलायचंय मला. तुझे ओठ आवाजाच्या किंचित पुढे होते. भुवया तर विचारूच नकोस. आणि मानेच्या शिरा फुगल्या होत्या. अगं, दृश्य-गायनात श्रम दिसता कामा नयेत! बिशपसाहेबांनी स्वतः विचारलं, ती मधली मुलगी आजारी आहे का?"

"पण मास्तर, गाताना असंच होतं!"

"बाकीच्यांचं झालं का?"

मास्तरांनी जागच्या जागी निर्णय दिला: सशाला अलौकिक गायनाबद्दल दृश्य विभागात बढती, आणि भोंग्याची शिस्तभंगाबद्दल खांबामागे, ध्वनी विभागात, पुढील आदेशापर्यंत बदली. आईचा चेहरा पडला. नवा झगा परत करावा लागला.

घरी जाताना बाबा म्हणाले, "सगळे म्हणतायत, त्या डॉक्टरीणबाईंच्या मुलाचा आवाज होता."

"माझा होता."

"हं," बाबा म्हणाले.

"बाबा, तूपण?"

"तसं नाही गं. पण मिक्सरशिवाय तुझा आवाज मी कधी ऐकलाय का? मला वाटलं ओळखीचा आहे. मग वाटलं, आपल्याला वाटतंय. सगळ्याच बापांना वाटत होतं तिथे."

भोंगा त्या दिवशी जेवली, पण रागाने जेवली, म्हणजे नेहमीपेक्षा दोन घास जास्तच.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती बेकरीत गेली आणि पोत्यावर जाऊन बसली. बाबांनी कणकेकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि मिक्सरचं बटण बंद केलं. घरघर थांबली तशी ती खोली अनोळखी वाटायला लागली. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतं, हेही दोघांना पहिल्यांदाच कळलं.

"म्हण," बाबा म्हणाले.

तिने दुसरं कडवं म्हटलं. बाबा कणकेत हात घालून उभेच राहिले. दाद द्यायला हात वर आलाच नाही. पुढे दुकानात घंटी वाजली, गिऱ्हाईक आलं होतं, तरी ते हलले नाहीत. कडवं संपल्यावर त्यांनी कोपराने डोळे पुसले, त्यामुळे अर्धा चेहरा पांढरा झाला, आणि ते तसेच पुढे गेले.

काउंटरवर दंतवैद्यबाई उभ्या होत्या. चेहरा नुसता फुललेला.

"अहो, लावलात तुम्ही पण! माझ्या सशाचं रेकॉर्डिंग! कुणी पाठवलं तुम्हाला?"

बाबांनी मागच्या दाराकडे पाहिलं. तिथे भोंगा कमरेवर हात ठेवून उभी होती. बाबांनी पाव कागदात गुंडाळला, दोन्ही टोकं नीट दुमडली.

"घरचंच आहे," ते म्हणाले. "रोज लावतो."

"वा! आवाज थोडा कमी ठेवा हं, नाहीतर फाटतो."

"हा कमी होत नाही, बाई," बाबा म्हणाले. "मी प्रयत्न करून पाहिलाय."

हल्ली चढावरच्या चर्चमधला बाल गायकवृंद फार नावारूपाला आला आहे. लांबून लोक ऐकायला येतात. ध्वनी विभागात एकच कर्मचारी आहे आणि माझी शिक्षा संपवा असं सांगायला ती स्वतःही कधी गेलेली नाही. दर रविवारी एक निळा शर्ट दहा मिनिटांसाठी दाराशी येतो, खांबाकडे बघत उभा राहतो आणि भट्टीकडे परत पळतो.

तुम्हीही कधी या. शेवटचं गीत सगळ्यांनी उभं राहून म्हणायचं असतं, तेव्हा तुम्हीही उभे राहालच. पहिलं कडवं येतं हो सगळ्यांना. दुसरं सुरू झालं, की शेजारी खरंच गातोय का ते हळूच त्याच्या ओठांकडे बघून तपासा. दचकू नका, तो तुमच्याच ओठांकडे बघत असेल. आणि मग घरी जाऊन तुम्ही सगळ्यांना सांगाल, "आज आम्ही काय गायलो म्हणून सांगू!"